आत इमारत नसलेली परांची

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, तोंडात टूथपेस्टचा फेस असताना, मजकूरला कळलं की आपले वडील स्वतःच्या मृत्यूची बातमी वाचायला निघाले आहेत. सांगणाऱ्या ताईला अर्थातच याची कल्पना नव्हती. ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबांना ते बांबूचं बघायचंय, मैदानातलं. तूच लिहिलंयस ना रे तिथलं सगळं? अकरापर्यंत पोचतो आम्ही." मजकूरने फेस गिळला. मग म्हणाला, "आज बंद असतं ते." ताई म्हणाली, "रविवारी बंद? मग काय सोमवारी उघडतात, लोक कामावर गेले की?" "ये लवकर, उगाच ऑफिसातल्या मॅडमचं कारण सांगू नकोस," असं म्हणून तिने फोन ठेवला. आरशात एक चौतीस वर्षांचा माणूस हिरवट ओठांनी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, कुणाचा तरी खून करून झोपल्यावर सकाळी जो असावा, तसा साधारण कंटाळलेला भाव होता.

मजकूर हे त्याचं ऑफिसातलं नाव. प्रदर्शनं, बागा, संग्रहालयं यांच्या पाट्या लिहून देणाऱ्या एका कंपनीत तो पाट्या लिहायचा. 'पाण्यात उतरू नये' पासून 'या शिल्पात काळ थांबलेला आहे' पर्यंत काहीही. "मजकूर कुठाय?" असं कुणी ओरडलं की तो आणि त्याने लिहिलेला कागद दोघेही लगबगीने निघत. मैदानातल्या बांबूंची पाटीही त्याचीच. सहा मजले उंच, शंखासारखी गोल फिरत वर गेलेली ती कलाकृती. लोक आत शिरून गोल गोल चालायचे आणि बाहेर येऊन खूप आत जाऊन आल्यासारखे दिसायचे. पाटीवर त्याने आधी सगळं रीतसर लिहिलं होतं. बांबू किती, गाठी चार हजार दोनशे, खिळा एकही नाही. मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "माहिती छान आहे. पण पाटीसमोर कुणी थांबेल का? कुणीतरी गेलेलं पाहिजे रे यात." मजकूर जागेवर जाऊन बसला. त्याने आधी एक गाव नाहीसं करून पाहिलं, ते जमेना. मग बांबूची एक जात नष्ट केली, तीही फार वनस्पतिशास्त्रीय वाटायला लागली. शेवटी त्याने एक माणूस मारला आणि वाक्य बसलं. 'या गाठी मारणारा शेवटचा कारागीर काही वर्षांपूर्वी गेला. दोरीने त्याच्या उजव्या अंगठ्यात कायमची खाच पाडली होती. गाठीचं टोक तो नेहमी बाहेर सोडायचा. वाऱ्यालाही धरायला काहीतरी हवं म्हणून.' मॅडमनी वाचून चष्मा खाली घेतला आणि पुसला. ऑफिसात याला बढती मिळण्याच्या आधीची पायरी समजत. त्या दिवशी बसमधून घरी जाताना दांडी धरलेल्या एका म्हाताऱ्याच्या हाताकडे बघता बघता मजकूरला एकाएकी जाणवलं की ती खाच आपण कुठून आणली. पण तोवर पाटी कोरायला गेली होती.

तो मैदानात साडेदहालाच पोचला आणि पाटीसमोर उभा राहिला. बेत साधा होता, आपल्या शरीराने पाटी झाकायची. पाटी पाच फूट रुंद होती आणि मजकूर नव्हता. त्याने हात कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढले, तेव्हा 'शेवटचा' आणि 'गेला' एवढं झाकलं गेलं आणि मधला कारागीर उघडा राहिला. पाटीखाली कुणीतरी पिवळी फुलं ठेवली होती, त्यांच्याखाली कालची सुकलेली पांढरी. एक बाई दोन मुलींना घेऊन आली, म्हणाली, "जरा बाजूला होता का? आम्हाला त्यांच्यासोबत फोटो काढायचाय." 'त्यांच्यासोबत' म्हणजे वारलेल्या माणसासोबत. मजकूर बाजूला झाला. मुली हसू दाबून उभ्या राहिल्या आणि त्यांची आई म्हणाली, "हसू नका गं, गेलेत ते." लाज ही चेहऱ्यावर येते असं म्हणतात, पण मजकूरची आधी तळपायांत यायची, बुटांत कोमट पाणी शिरल्यासारखं व्हायचं आणि मग ते हळूहळू गुडघ्यांपर्यंत चढायचं. आत्ता ते घोट्यांशी होतं.

वडील परांची बांधायचे. इमारत बांधताना, रंगवताना तिच्या अंगाला बांबूंचा जो सापळा बांधतात, तो. त्यांनी उभी हयात शहरातल्या इमारतींना बाहेरून मिठी मारण्यात घालवली आणि प्रत्येक इमारत पुरी झाली की मिठी सोडून खाली उतरले. सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन ते रस्त्याने चालायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "ही माझी. ती कोपऱ्यावरची, तीपण." इमारतीवर त्यांची एकही खूण नसायची, आणि तेच त्यांना आवडायचं. दुसरीतल्या मजकूरने त्यामुळे वर्गात सांगितलं होतं की आमच्या चौदा इमारती आहेत. बाईंनी वडिलांना भेटायला बोलावलं. वडील चुन्याने पांढऱ्या झालेल्या चपला दाराबाहेर काढून वर्गात आले, आणि सगळ्या वर्गाने चौदा इमारतींचा मालक अनवाणी बघितला. तेव्हा पाणी थेट गळ्यापर्यंत आलं होतं. नंतर मजकूर सावध झाला. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, वडील बांधकामात होते. हे खरंच होतं. फक्त 'बांधकामात' म्हणताना तो आवाज थोडा खाली आणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटायचं की मोठं काहीतरी आहे आणि पोरगा विनयाने बोलतोय. मॅडमनी एकदा विचारलं होतं, "कुठली कंपनी?" तो म्हणाला होता, "आता बंद झाली." विचार करून पाहिलं तर त्या दिवसापासून तो त्यांना थोडं थोडं मारतच आणत होता.

ते आले. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि पायांत दवाखान्यात जातानाचे बूट. ताईच्या हातात पाण्याची बाटली, खांद्यावर वडिलांचा स्वेटर. ऊन रणरणत होतं तरी. वडिलांनी पाटीकडे पाहिलंच नाही. ते मान मागे टाकून वर बघत राहिले, इतका वेळ की मजकूरला वाटलं, सुटलो.

"आत काय बांधतायत?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही बाबा. हीच कलाकृती आहे."

"परांची?"

"हो."

"आत इमारत नाही?"

"नाही."

वडिलांनी यावर विचार केला. एखाद्या मोठ्या घरात गेल्यावर तिथल्या लोकांच्या सवयींना नावं ठेवायची नाहीत, असा त्यांचा एक शिस्तीचा चेहरा होता, तो त्यांनी लावला. "मग उतरवणार कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"उतरवल्यावर काय दिसेल?"

"मैदान."

"हं," वडील म्हणाले. "मैदान चांगलंय."

ताई फसकन हसली. आणि हसता हसताच तिची नजर पाटीवर गेली. तिला पाट्या मोठ्याने वाचायची सवय होती. लहानपणी वडिलांना चष्मा नव्हता तेव्हाची. "'श्वास'," तिने वाचायला घेतलं, "'बांबू आणि काथ्याची दोरी. या गाठी मारणारा शेवटचा कारागीर काही—'" आणि ती थांबली. मजकूर जमिनीकडे बघत होता. तिथे एक मुंगी सुकलेल्या फुलाची पाकळी ओढत होती आणि ती ज्या दिशेला चालली होती तिकडे जाण्याची त्याला फार इच्छा झाली. ताई थांबली म्हणून वडिलांनी खिशातून चष्मा काढला, जवळ गेले, आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत पुढचं स्वतः वाचू लागले. त्यांचं बोट 'गेला' या शब्दावरून गेलं. 'अंगठ्यात' या शब्दापाशी ते थांबलं. त्यांनी स्वतःचा अंगठा वळवून पाहिला, एखादी वस्तू अजून खिशात आहे का ते बघावं तसा, आणि पुढे वाचलं.

"कळवायचंस तरी," ताई हलक्या आवाजात म्हणाली. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "एकाच घरात राहतो आम्ही, आणि मला पत्ता नाही. रोज सकाळी चहा कुणाला देतेय मी?"

"ताई, ते... वाक्यासाठी होतं. ते बाबा नाहीत."

"अंगठा कुणाचाय मग? तुझा?"

मजकूरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कारागीर हा एक प्रतिनिधी असतो, असं काहीसं ते होतं. तेवढ्यात वडील वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधावा तर तो नव्हता. होती ती काळजी.

"टोक बाहेर?" ते म्हणाले.

आणि ते आत चालायला लागले.

टोकं बाहेर होती. आत गेल्यावर ती सगळीकडे दिसली. चार हजार दोनशे गाठींची चार हजार दोनशे टोकं, झालरीसारखी, वाऱ्यावर हलणारी, फार सुंदर. मजकूरला हे माहीत नव्हतं असं नाही. बांधणाऱ्या लोकांनी हातच्या सवयीने सगळी टोकं आत खोचली होती; मग शिल्पकाराने पाटीचा कागद वाचला, डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, सगळी बाहेर काढा. माणसं हसली म्हणे. मग तीन दिवस बसून त्यांनी टोकं बाहेर काढली. मजकूरला हे एका बैठकीत कौतुक म्हणून सांगण्यात आलं होतं, आणि त्याने ते कौतुक म्हणून घेतलं होतं. फक्त त्या दिवशी जेवताना त्याच्या हातातून चमचा दोनदा निसटला. कारण टोक बाहेर सोडणारा माणूस जगात एकच होऊन गेला होता आणि तो त्याचे वडील नव्हते. तो होता एकोणीस वर्षांचा मजकूर, कॉलेजात नुकता गेलेला, सुट्टीत वडिलांसोबत एका चार मजली शाळेच्या परांचीवर. वडिलांनी त्याला शिकवलं होतं, तीन वेढे, मध्ये आवळ, मग टोक आत, इमारतीच्या बाजूला. दर वेळी म्हणायचे, टोक आत. इतकं म्हणायचे की त्याचा कंटाळा आला होता. त्या सकाळी तो दुसऱ्या मजल्यावर एक गाठ मारत होता आणि त्याच्या मनात वाऱ्याबद्दल एक ओळ जुळत आली होती, फार जवळ आली होती, आणि ती पकडायला म्हणून तो हात थांबवून बसला. मग खालून कुणी हाक मारली आणि तो उतरला. गाठ तशीच राहिली, टोक लोंबत. लांबून ते हलताना त्याला दिसलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं. दुपारी शीळ घालत चाललेल्या रंगाऱ्याच्या पायाचा अंगठा त्यात अडकला आणि शीळ मध्येच तुटली. खाली रेतीचा ढीग होता म्हणून घोट्यावर निभावलं, पण घोटा पुन्हा सरळ झाला नाही. मुकादमाने सगळ्यांना रांगेत उभं केलं. "कुणाची गाठ ही?" परांचीवाले एकमेकांची गाठ अक्षरासारखी ओळखतात. कुणालाच ओळख पटेना, म्हणजे सगळ्यांनाच पटली. वडिलांनी गाठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाले, "माझी." बावीस वर्षांत एकही गाठ न सुटलेला माणूस. मुकादम त्यांच्या अंगावर जे ओरडला ते त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसांनी ऐकलं, आणि त्यांच्या मुलाने ऐकलं, रांगेत शेवटून दुसऱ्या जागी उभं राहून. त्याने तोंड उघडलं नाही. ते वर्षभर वडील वर चढले नाहीत. खालून दोरी द्यायचे. घरी गेल्यावर फक्त एकदा, भाताचा घास मोडताना, ते म्हणाले, "टोक आत." त्यानंतर मजकूर वाचनालयात जायला लागला, परांचीवर पुन्हा कधीच गेला नाही. आणि पंधरा वर्षांनी, माणूस मारून वाक्य बसवताना, ती ओळ अखेर सापडली. वाऱ्यालाही धरायला काहीतरी हवं म्हणून. आपली चूक त्याने नीट घासूनपुसून, सुंदर करून, पुन्हा त्याच माणसाच्या नावावर टाकली होती. आणि या वेळी त्याला विचारायलाही नको म्हणून आधी मारून ठेवलं होतं.

पाणी आता कमरेपर्यंत आलं होतं. तो पुढे पाहतो तर वडील एका वळणावर खांद्याइतक्या उंचीच्या गाठीसमोर उभे राहून टोक आत खोचत होते. एक झालं की दुसरं. बोटं थरथरत होती, पण गाठीला लागली की थरथर थांबायची. ताई स्वेटर सांभाळत मागे उभी होती आणि म्हणत होती, "बाबा, राहू दे. बाबा, लोक बघतायत." लोक बघतच होते, काहींना वाटलं हे आहेच इथे ठेवलेलं, आणि ते मोबाइल काढून उभे राहिले.

"ओ काका!" सिक्युरिटीवाला पळत आला. "हात लावायचा नाही! पाटी वाचली नाही का?"

"वाचली," वडील म्हणाले. "तीच वाचून आलो."

"काय करताय हे?"

"पाय अडकेल कुणाचा."

"इथे कोण चढतंय वर? शोभेचंय ते!"

वडिलांनी खोचलेलं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. "परांची आहे," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "कधीतरी कुणीतरी चढतंच."

शिट्टी वाजली. रविवारी शिल्पकार स्वतः लोकांना फिरवून दाखवायचा, आणि त्या दिवशी मॅडम पाहुणे घेऊन आल्या होत्या. शिट्टी ऐकून दोघेही वळणावरून आले. शिल्पकार अनवाणी होता. तो नेहमीच अनवाणी असायचा, मुलाखतींतसुद्धा, आणि त्याला कुणी वर्गाबाहेर चपला काढायला लावल्या नव्हत्या. त्याने खोचलेल्या आठ-दहा गाठी पाहिल्या आणि छातीवर हात ठेवला. मॅडमनी मजकूरला पाहिलं. "अरे, तू इथे? कोण आहेत हे? ओळखतोस?"

हा प्रश्न त्याने पूर्वी ऐकला होता. तेव्हा तो 'कुणाची गाठ ही' असा होता. आता रांगेत तो शेवटून दुसरा नव्हता, पहिलाच होता. त्याची जीभ टाळूला चिकटली आणि त्याला टूथपेस्टची चव आली. वडील त्याच्याकडे बघत होते, पंधरा वर्षांपूर्वीच्या त्याच नजरेने, जिच्यात विचारणं नसायचं, आधीच दिलेलं उत्तर असायचं. आणि मग ते मॅडमकडे वळून, हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "छे हो, ते कसे ओळखतील मला? माझंच चुकलं. सवय हो हाताला. येतो मी."

पाणी डोक्यावरून गेलं. आत एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मजकूरला स्वतःचा आवाज ऐकू आला, थोडा चिरका.

"माझे वडील आहेत. पाटीवरचे ते हेच. गेलेले नाहीत. आणि टोक ते आत खोचायचे. बाहेर मी सोडलं होतं."

शिल्पकाराचे डोळे भरून आले. "वा," तो कुजबुजला. "'गेलेले नाहीत.' काय ओळ आहे. मॅडम, हे पाटीवर पाहिजे."

"घेऊ की," मॅडम म्हणाल्या. त्या गहिवरल्या होत्या, पण कामात होत्या. "फक्त मग तो आधीचा गेलेला काढावा लागेल. वडील ठेवू या. दोन म्हातारे नकोत, गर्दी होते."

"मॅडम, ओळ नाहीये ही. खरंच माझे वडील आहेत."

"हो, 'खरंच' पण ठेव. छान वाटतं ते, साधं."

"अहो, आहेत हो खरंच!" ताई ओरडली. "मी मुलगी यांची! रोज चहा देते मी यांना!"

शिल्पकाराने ताईकडे डोकं कलतं करून पाहिलं. "मुलगी नको," तो हळुवारपणे म्हणाला. "मुलगी आली की ते कौटुंबिक होईल." मग तो वडिलांसमोर गुडघ्यावर बसला आणि विचारलं, शनिवार-रविवार येऊन हे असंच करत बसाल का, शेवटचा कारागीर म्हणून? लोकांना बघायला फार आवडेल. वडिलांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे मेलेल्याचं काम?" त्यांनी विचारलं. "त्याला हरकत नाही. पण टोकं सगळी आत जातील." शिल्पकार म्हणाला की तीच तर त्याची कल्पना होती. मॅडमनी मजकूरच्या पाठीवर थोपटलं, उद्या सकाळपर्यंत नवा मजकूर दे म्हणाल्या, आणि सगळे पाहुण्यांना घेऊन पुढच्या वळणावर गेले. सिक्युरिटीवाल्याने कुठूनतरी खुर्ची आणून दिली आणि वडिलांना आता 'काका' न म्हणता 'सर' म्हणाला.

अशा रीतीने मजकूरने आयुष्यातलं एकमेव खरं वाक्य बोलून टाकलं आणि ते पास झालं. त्याला बसायला कुठेच जागा नव्हती. खुर्चीवर वडील बसले नव्हते, ताईने त्यांचा स्वेटर ठेवला होता. ताई त्याच्याकडे बघत नव्हती. बाटलीचं झाकण उघडत आणि लावत होती. मग ती म्हणाली, "ऐकलं बाबांनी," आणि बाटली त्याच्या हातात दिली. बाटली उघडीच होती. तो पाणी प्यायला आणि त्याने वडिलांकडे पाहिलं. ते पाठमोरे होते. मान तेवढी जरा जास्त ताठ होती, बस.

त्याने बाटली खाली ठेवली. बाही दुमडली. वडिलांच्या शेजारी, सगळ्यात खालच्या आडव्या बांबूपाशी तो उकिडवा बसला, जिथे वाकणं वडिलांना आता जमलं नसतं. काथ्या बोटांना टोचला. टोक हातात घेतलं, तर बोटांना काहीच आठवेना. दोन वाक्यं मात्र लगेच आठवली, काथ्याबद्दलची, बरी होती. ती त्याने जाऊ दिली. मग टोक वेढ्याखालून घेतलं, आवळलं, आत ढकललं. दिसायला ठीक दिसत होतं. त्याने दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. लोक मागून जात होते. एक बाई आपल्या मुलींना सांगत होती, "हे बघ, त्यांचा मुलगा झालाय हा."

वडिलांनी खाली पाहिलं. हळूच, बांबूला धरून, ते अर्धे वाकले आणि अंगठा, तो खाच असलेला, पहिल्या गाठीवर ठेवला. दाबला. गाठ जराशी सरकली. त्यांनी टोक धरून ती सगळीच्या सगळी ओढून सोडवली, दोरी सरळ करून त्याच्या हातात दिली.

"पुन्हा," ते म्हणाले.